माळवदावरची पांढरी माती

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त कमी होतं, हे आता शाळेतल्या मुलीही सांगतात. दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता असतो. त्यावर मेथीची जुडी, गुळाचा खडा, शेंगदाणे आणि हसऱ्या चेहऱ्याची एक गरोदर बाई. त्या चित्रातल्या बाईला काही लपवायचं नसतं. मला होतं. म्हणून माझा आजार लांबला, पोटातलं लेकरू जाता जाता वाचलं, आणि एका माणसावर मी असा डाग टाकला की तो वीस वर्षं पुसला गेला नाही.

मी मुळात बोलकी नाही. घरी पाहुणे आले की चहा देऊन आत जाते. आज पंचेचाळिशी उलटल्यावर हे लिहिते आहे, कारण हा आजार झालेल्या पुष्कळजणी मी केलं तेच करत असतील आणि डॉक्टरांनी विचारलं की मान खाली घालून "नाही" म्हणत असतील. त्यातल्या एकीनं जरी "हो" म्हटलं तरी या लिहिण्याचं काम झालं.

शिडी

आमचं गाव वालूरच्या पलीकडे, बैलगाडीच्या वाटेवर. माझे यजमान गावातल्याच शाळेत मास्तर. थोडी जमीन, एक म्हैस. घरात सासूबाई, मास्तर, मी आणि माझी तीन वर्षांची मुलगी रेखा. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. सासरे माझं लग्न व्हायच्या आधीच वारले होते.

दुसऱ्या खेपेला मला दिवस गेले तेव्हा उन्हाळा होता. कुरडया वाळत घालायला शिडीनं माळवदावर जायचं. रेखाच्या वेळी मी डोक्यावर पाटी घेऊन भरभर चढायची. या वेळी अर्ध्या शिडीवर थांबायला लागले. कानात कुणीतरी उखळ कांडतंय असं वाटायचं. शेजारीण खालून म्हणायची, मास्तरीणबाईंचे दुसऱ्या खेपेला भारीच नखरे. मी हसून वेळ मारून न्यायची. जीभ गुळगुळीत झाली होती, भाकरीला चव नव्हती, केस विंचरले की फणीत मूठभर यायचे. या सगळ्याला मी गरोदरपण समजत होते.

एकाच गोष्टीला चव होती.

आमच्या भागातली जुनी घरं माळवदाची. छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. ती माती गावाबाहेरच्या गढीच्या टेकाडातून आणतात आणि पावसाळ्याच्या आधी दरवर्षी नवी पसरून, पाणी मारून, चोपून बसवतात. त्या वर्षी मास्तरांनी लवकरच माती आणून माळवदाच्या कोपऱ्यात ढीग घातला होता. गड्यानं त्यावर पाणी मारलं. त्या वासानं माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मला कठड्याला धरावं लागलं. गडी खाली उतरल्यावर मी एक ढेकूळ उचलून तोंडात घातलं. ते जिभेवर विरघळलं आणि अंगाला थंडावा आला. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.

गरोदर बाईनं चिंच मागितली की घर कौतुक करतं. चिमूटभर माती मागितली तरी जुन्या बाया हसतात, पोरगा होणार म्हणतात. माझं चिमटीवर भागत नव्हतं. मी ओंजळीनं खात होते. कुरडया परतायला म्हणून जायचं आणि ढिगाला पाठ लावून बसायचं.

सांगायचं कुणाला? मास्तर जेवताना शाळेतल्या गोष्टी सांगायचे. एक पोरगं पाटीवरची पेन्सिल खाताना सापडलं, त्याच्या हातावर छडी मारली, माणसाचं पोर का जनावराचं, असं ते हसून सांगत होते. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढत होते आणि माझ्या दाढेखाली मातीचा कण होता. मी तो चावला नाही. तसाच धरून ठेवला.

शपथ

आत्याबाई एक दिवस कुरडया गोळा करायला वर आल्या. मी त्यांची चाहूल ऐकली नाही. कानातलं उखळ चालूच होतं.

"काय खायलीस गं?"

मी तोंड मिटून घेतलं. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि रेखाचं तोंड उघडतात तसं माझं उघडलं. मग तिथंच उन्हात बसल्या. रागावल्या नाहीत. कधीपासून, किती, मास्तरला माहीत हाय का, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, आजच त्याला सांगते, वालूरच्या डॉक्टरकडं नेऊ दे तुला.

मला एकदम मास्तरांचं ते हसणं आठवलं. मी आत्याबाईंचा हात ओढून माझ्या पोटावर ठेवला.

"ह्या लेकराची शपथ हाय तुमाला. कुणाला सांगायचं न्हाई."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "येडी झालीस का? पोटातल्या जिवाची शपथ घालतेत का कुणी? सुटली म्हण."

मी म्हटलं नाही.

हे परगावच्या वाचकांना कळावं म्हणून सांगते. घातलेली शपथ ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणून सोडवायची असते. तोवर ती ज्याच्या नावानं घातली त्याच्या जिवावर असते. ती मोडली तर त्याला अपाय होतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. माझा यावर अर्धाच विश्वास होता. आत्याबाईंचा पुरा होता. मास्तरांच्या पाठची त्यांची दोन लेकरं लहानपणी गेली होती, आणि त्यामागं आपल्या हातून मोडलेला एक नवस आहे असं त्या पक्कं मानायच्या. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ती शपथ घातली. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्यांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. मास्तरांच्या मागं लागून तो ढीग दुसऱ्याच दिवशी पसरून घेतला. गूळ-शेंगदाण्याची वाटी माझ्या हातात देऊन मी संपवीपर्यंत समोर बसायच्या. म्हशीचं दूध मास्तरांच्या आधी मला. शिडी उचलून गोठ्यात ठेवली. मी वाटी संपवायची आणि त्या पाण्याला गेल्या की परसातल्या भिंतीचा पांढरा पोपडा काढायची. ढीग पसरायच्या आधीच एक फडकं भरून माती मी बाजूला काढून ठेवलेली होती.

पापणी

सातवा लागला तेव्हा गावात नर्सबाई आल्या. माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मास्तरांना शाळेतून बोलावून घेतलं. हिला उद्याच परभणीला न्या, म्हणाल्या. पण ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा. एसटी चालू व्हायची वाट बघण्यात आणखी काही दिवस गेले. शेवटी बैलगाडीनं सेलू गाठलं आणि रेल्वेनं परभणी. रेखाला शेजारणीकडं ठेवलं होतं. आत्याबाई सोबत होत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. कागद आला तेव्हा त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं, मग नर्सला विचारलं, "ह्या इथवर चालत आल्या?"

अंगात असायला हवं त्याच्या निम्मंही रक्त नाही, असं त्या मास्तरांना सांगत होत्या. बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तर बाई हाती लागणार नाही. मूल आताच महिनाभर मागं आहे, त्याला आत प्राणवायू पुरत नाही. इतकं रक्त कमी झालं की शरीराला आतून गंज चढल्यासारखं होतं, तो गंज मुलापर्यंतही जातो. मी मागं वळून पाहिलं. माझ्यामागं कुणीतरी बाई उभी असेल आणि तिच्याबद्दल हे चाललं असेल असं मला खरोखर वाटलं. मागं नुसती भिंत होती.

मास्तरांना त्यांनी बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "माती, राख, खडू, कच्चे तांदूळ, असं काही खाता का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

असा सरळ, मायेचा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा श्वास थांबल्याचं मला कळलं.

"नाही," मी म्हणाले.

आत्याबाईंचे ओठ हलले आणि मिटले. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडं वळल्या. सुनेला काय खायला घालता, हे विचारलं. आत्याबाईंनी गूळ, शेंगदाणे, दूध, मेथी असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजी, एवढं खाऊन कुणाचं असं होत नाही, खरं बोलत जा. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

वॉर्ड

मला ठेवून घेतलं. सकाळी झाडलोट, मग वजन, मग कमरेत इंजेक्शन. ते औषध काळपट असायचं आणि टोचल्या जागी डाग राहायचा. माझ्या कमरेवर अजून आहे. मग गोळ्या. जेवणानंतर चहा बंद. दुपारी नर्स पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकायची. तिचा चेहरा बदलतो का हे बघत मी श्वास धरायची. ठोका सापडायला वेळ लागला की वॉर्डातले सगळे आवाज दूर जायचे. रात्रीपेक्षा मला त्या दुपारची जास्त भीती वाटायची.

मास्तरांनी रक्त दिलं. त्या काळी पुरुष रक्त द्यायला घाबरायचे, पण ते गेले, देऊन आले आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दंड दाखवू लागले. माझ्या माहेरचे एक काका म्हणाले, मास्तर, बाईच्या अंगात आता शाळेचं रक्त गेलं, ती तुमाला पाढे म्हणून दाखवील. मीही हसले. हसताना उशाखालच्या पिशवीवर माझा हात होता.

त्या पिशवीत लुगड्याच्या घडीत ते मातीचं फडकं होतं, पुडीसारखं गुंडाळलेलं. वॉर्डातल्या आयाबाईनं एकदा पिशवी उचलून झाडायला घेतली तेव्हा मी पटकन म्हणाले, त्यात देवीचा अंगारा आहे. तिनं हात धुऊन पुडीला नमस्कार केला आणि जपून परत ठेवली. तेव्हापासून त्या पुडीला कुणी हात लावला नाही. मी डोळे मिटून चिमूटभर तोंडात टाकायची आणि बघणाऱ्या बायकांना वाटायचं, किती श्रद्धा आहे हिची. एकदोघींनी तर माझ्याकडं अंगारा मागितला. मी संपला म्हणाले.

पिंगळीहून माझी माय आली. मला पाहून तिनं आधी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मग आत्याबाईंकडं वळली.

"इहीणबाई, माझी लेक काय उकिरड्यावर घावली होती का तुमाला? द्यायचं नव्हतं खायला तर तसं सांगायचं. मी पिंगळीहून भाकरी धाडली असती रोज."

आत्याबाई माझ्या लुगड्याच्या घड्या घालत होत्या. त्यांनी घडी पुरी केली. माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या वाट बघत होत्या. मी कूस बदलली.

रक्त चढवलं तेवढ्यापुरता आकडा वर गेला, आणि मग हलेना. डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करून बघायच्या. जंत तपासले, मूळव्याध विचारली. मग एक दिवस विचारलं, गोळ्या हिला कोण देतं? सासू, मी म्हणाले. ते खरंच होतं. आत्याबाई गोळी माझ्या जिभेवर ठेवून पाणी पाजायच्या. पण माझी माय लगेच म्हणाली, देती का टाकून देती कुणाला ठाव, ह्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं म्हणतेत गावाकडं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट आत्याबाईंच्या हातातून घेऊन मायकडं दिलं आणि सांगितलं, आजी, तुम्ही आता वॉर्डात येऊ नका.

मी तेव्हाही गप्प राहिले. आता एखाद्याला वाटेल, एवढं सगळं होऊनही? मला स्वतःला वाटतं. पण लपवलेली गोष्ट जितके दिवस अंगावर राहते तितकी ती सांगायला जड होते. आधी मास्तरांची लाज होती. आता मास्तर, माय, डॉक्टरीणबाई, अंगारा मागणाऱ्या त्या दोघी, सगळ्यांची झाली होती. आणि खरं सांगायचं तर पुडीत अजून माती होती.

व्हरांडा

त्यानंतर आत्याबाई व्हरांड्यात बसायच्या. माझी खाट दाराजवळ होती, त्यामुळे त्यांची पाठ मला दिसायची. माझी लुगडी त्याच धुवायच्या. माय ती दारातून नेऊन द्यायची.

त्या आठवड्यात एका दुपारी नर्सनं नळी बराच वेळ फिरवली. मग डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ठोके सापडले, पण मंद होते. मूल वाढत नाही, कदाचित टिकणार नाही, तयारी ठेवा, असं त्यांनी व्हरांड्यात मास्तरांना सांगितलं. ते आत्याबाईंनी ऐकलं. मीही ऐकलं.

आत्याबाईंच्या मनात त्या दिवशी काय चाललं असेल याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. सांगावं तर शपथ मोडते आणि लेकरू जातं. न सांगावं तर मातीनं लेकरू जातं. मी त्यांना अशा जागी उभं केलं होतं जिथून दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला येत होत्या, मागं दोन नर्सा. आत्याबाई उठल्या आणि वॉर्डाच्या दारातच, येण्याच्या वाटेवर मधोमध बसल्या. बाजूला व्हा आजी, असं एक नर्स म्हणाली. त्या हलल्या नाहीत. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पांढऱ्या मातीचं ढेकूळ होतं. माझ्या पुडीतलं. धुवायला गेलेल्या लुगड्यात ते कधीतरी राहून गेलं असेल. त्यांनी त्याचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघत चावायला लागल्या.

तो आवाज मला खाटेवर ऐकू आला. मी रोज तो आतून ऐकत होते. बाहेरून पहिल्यांदा ऐकला.

"काय खाताय तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आत्याबाईंनी आणखी एक तुकडा तोंडात टाकला. ओठांच्या कडेनं पांढरी लाळ खाली आली. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या चावत राहिल्या. मग हळूच मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि परत डॉक्टरीणबाईंकडं. एक शब्दही बोलल्या नाहीत. शपथ तशीच्या तशी होती.

डॉक्टरीणबाई हुशार बाई. त्यांनी आत्याबाईंच्या तळहातावरची भुकटी बोटानं घेऊन हुंगली. मग सरळ माझ्या खाटेशी आल्या, उशाखालची पिशवी काढली, आणि ज्या पुडीला साऱ्या वॉर्डानं नमस्कार केला होता ती माझ्यासमोर सोडली.

मास्तर पायथ्याशी उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही.

पहिली बोलली ती माझी माय. "बघितलं का बाईसाहेब? ह्या बाईनंच लावली सवय माझ्या लेकीला. सोता खाती, तिलाबी चारली."

डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना जवळ बोलावलं आणि त्यांचीही पापणी ओढून पाहिली. ती माझ्याहून फार वेगळी नव्हती, पांढरी फटक. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाणारी बाई, दुसरं काय दिसणार? पण तिथं उभ्या असलेल्यांना तो पुरावा वाटला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "खरं आहे हे? सासूबाईंनी सवय लावली?"

मी मान हलवली.

हो म्हणून. दोनदा हलवली. आत्याबाई पदरानं तोंड पुसत होत्या. त्यांनी पाहिलं.

उतार

त्यानंतरचं सगळं चांगलं आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. अहो, माती खावीशी वाटणं हे या आजाराचंच लक्षण आहे. तापात अंग तापतं तसं. यात लाज कसली? आणि तीच माती पोटात जाऊन गोळ्यांतलं लोह अंगी लागू देत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर हे सगळं टळलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मी ज्याला पाप समजून उराशी धरलं होतं ते एक लक्षण होतं. खोकल्यासारखं. एवढ्यासाठी मी एका बाईला बुडवलं होतं.

पुडी गेली, इंजेक्शनं चालू राहिली, आणखी एकदा रक्त चढवलं, आणि आकडा चढायला लागला. महिना अपुरा असताना मुलगा झाला. ओंजळीएवढा. कापसात गुंडाळून ठेवला होता. रडला तेव्हा मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला, पण रडला. त्याचं नाव दिनकर.

घरी आल्यावर काही महिन्यांनी ओसरी ताजी सारवलेली होती. मी तिच्यावर बसून निवडणटिपण करत होते आणि एकदम लक्षात आलं की ओल्या मातीच्या वासानं मला काहीच होत नाहीये. तोंडाला पाणी नाही, काही नाही. इतक्या मुकाट्यानं ती हाव निघून गेली होती. ज्या बायांना आज ती हाव आहे त्यांना मी हेच सांगेन. रक्त भरलं की ती जाते. तुम्ही वाईट नाही, वेड्या नाही. डॉक्टरांना सांगा. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नका. लेकरू काळं होत नाही. माझं तर गोरंपान आहे.

आत्याबाईंचं मात्र तसं निघून गेलं नाही. माझी माय बोलकी होती. पिंगळीपासून वालूरपर्यंत गोष्ट पोचली. मास्तराची माय माती खाती, सुनेला चारली, नातू मरता मरता वाचला. आत्याबाई गावात बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायच्या, तान्ह्या लेकरांना तेल लावायच्या. कुणाच्याही घरी लेकरू झालं की पहिलं बोलावणं त्यांना. त्यांच्या हातात लेकरू रडत नाही असं म्हणायचे. ते बोलावणं बंद झालं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. शेजारच्या घरी लेकरू रडायचं, त्या आमच्या ओसरीवर बसून ऐकायच्या, आणि हात आपोआप मांडीवर तेल चोळल्यासारखे हलायचे. मी ते बघायची आणि आत जायची.

त्यांनी मला कधीही, एकदाही, बोलून दाखवलं नाही. पहिल्या वर्षी मी घाबरत होते. मग वाटलं, आता काय सांगायचं. मग वाटलं, त्या विसरल्या. तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मायही तोच समज घेऊन वारली.

सुटली

मागच्या वर्षी रेखाला दिवस गेले. आता आम्ही मानवतला राहतो. मास्तर निवृत्तीला आलेत. सातव्यात तिचं डोहाळजेवण केलं. घर बायकांनी भरलेलं. आत्याबाई भिंतीला टेकून पोत्यावर बसल्या होत्या. आता त्यांना कमीच दिसतं. कुणीतरी रेखाला विचारलं, काय खावंसं वाटतं गं तुला?

रेखा लाडात म्हणाली, काहीबी द्या, फक्त आजीच्या शेजारी बसवू नका, माती चारील.

सगळ्या हसल्या. घरातला जुनाच विनोद होता तो, रेखाच्या मनात काही नव्हतं. आत्याबाईही हसल्या, तोंडावर पदर धरून. त्या नेहमीच तशा हसायच्या. पण त्या दिवशी मला ते हसणं बघवलं नाही, कारण त्यांनी हसता हसता स्वतःच पोतं बाजूला सरकवलं, रेखापासून लांब.

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"माती मी खात होते," मी म्हणाले. "आत्याबाईंनी चारली नाही. त्यांनी मला पकडलं, तर मी त्यांना दिनकरची शपथ घातली, तो पोटात असताना. दवाखान्यात त्यांनी एकदाच खाल्ली, डॉक्टरांना कळावं म्हणून. मी खोटं बोलले. वीस वर्षं खोटं बोलले."

एवढी मोठी वाक्यं मी चार माणसांत कधी बोलले नव्हते. मास्तर दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं होतं आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी येईल, किंवा त्या मला शिव्या देतील. दोन्हीची मी तयारी केली होती.

त्या घाबरल्या होत्या. हातानं चाचपडत होत्या.

"दिनू कुठं हाय? दिनू?"

दिनकर पाण्याची कळशी घेऊन येत होता. वीस वर्षांचा उंच मुलगा. त्यांनी त्याचं मनगट पकडून खाली ओढलं, शेजारी बसवलं आणि तळहात त्याच्या छातीवर दाबून धरला. त्याला काय चाललंय कळेना. मला तेव्हा कळलं. त्या काहीच विसरल्या नव्हत्या. बोलावणी बंद झाली, लोक हसले, त्याही हसल्या, आणि इतकी वर्षं त्या या पोराच्या जिवाला राखत बसल्या होत्या.

"सुटली म्हण," त्या माझ्या दिशेनं म्हणाल्या. "आदी सुटली म्हण."

"सुटली."

"पुन्ना म्हण."

"सुटली, आत्याबाई. सुटली."

त्यांनी थोडा वेळ तळहात तसाच ठेवला, ठोका मोजल्यासारखा. मग दिनकरचं मनगट सोडलं. रेखा उठून, हिरवं लुगडं सावरत, त्यांना अगदी चिकटून बसली.

आत्याबाईंनी रेखाच्या पोटावर हात ठेवला आणि समोर बसलेल्या बायकांना, एकेकीला नीट कळावं अशा आवाजात सांगितलं,

"मला न्हाई आवडत माती. लय कचकच करती."